जुने गेम, नवा पीएस ५ : गावी न्यायच्या आधीची तयारी

पहिलं काम म्हणजे घरातल्या प्लेस्टेशनच्या (पीएस, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन) सगळ्या डिस्क बाहेर काढणं. खरेदी नंतर. पलंगावर चादर टाकून त्या पसरा आणि वेगळ्या करा. पीएस ४ च्या डिस्क एका बाजूला, पीएस ३ आणि त्याआधीच्या दुसऱ्या बाजूला. अकाउंटवर विकत घेतलेल्या गेमची नावं कागदावर उतरवा. पीएस ४ चे ४००० हून जास्त गेम पीएस ५ वर चालतात, म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे सोडले तर सगळेच. पीएस ३ ची आणि पीएस २ ची डिस्क मात्र नवं मशीन वाचतच नाही. त्या डिस्क जीव लावून जपल्या असतील, तर जुनं मशीन विकू नका. भंगाराच्या भावात जातं आणि नंतर हळहळ वाटते.

डिस्क मोजून झाल्या, की कोणता पीएस ५ घ्यायचा ते आपोआप ठरतं. ज्यात डिस्क टाकायची सोयच नाही तो डिजिटल प्रकार स्वस्त पडतो म्हणून लोक उचलतात, आणि घरातल्या पंधरा-वीस डिस्क तशाच पडून राहतात. नव्या स्लिम मॉडेलला डिस्क टाकायचा ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो जोडताना एकदा इंटरनेट लागतं. खेड्यात राहणाऱ्याने डिस्कवालंच मशीन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. तिथे सगळ्यांचं नेट मोबाइलचं, रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर चालणारं. ५० जीबीचा गेम त्यावर उतरवायचा म्हटलं तर पंचवीस दिवस घरात दुसरं कोणी काही पाहू नये. तोच गेम डिस्कवरून टाकला तर बहुतेक वेळा एक एमबी न जाळता सुरू होतो, फक्त अपडेट मागे राहतात. डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकापासून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका. गेम टाकून झाला तरी खेळताना डिस्क आत लागतेच, तेव्हा कव्हरं फेकू नका.

पीएस ४ कोणाला द्यायच्या आधी त्यातला सेव्ह डेटा, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, काढून घ्या. माझ्या लहान भावाची क्रिकेट १९ मधली कारकीर्द तीन उन्हाळ्यांची आहे. अंगणात टेनिस बॉलने खेळून घामाघूम झाला, की तो आत येऊन तीच पुढे न्यायचा. गेम पुन्हा मिळेल, ती कारकीर्द मिळणार नाही. साधा पेनड्राइव्ह पुरतो. पीएस ४ च्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट’ उघडून तिथून पेनड्राइव्हवर कॉपी करा. पीएस ५ मध्ये ‘सेव्ह्ड डेटा’च्या खाली पीएस ४ साठी वेगळी जागा आहे, तिथून आत घ्या. ज्या अकाउंटवर खेळला होतात तेच अकाउंट नव्या मशीनवर हवं, म्हणून पासवर्ड आठवतो का ते आजच पाहा. जुना नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येणार नाही आणि सगळं तिथेच अडेल.

आता स्टोरेज. पहिल्या पीएस ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असतं, पण हाती सुमारे ६६७ जीबीच येतात. हे भरलं की दोन वाटा आहेत. एक म्हणजे यूएसबीने बाहेर जोडायची हार्डडिस्क, दुसरी म्हणजे मशीन उघडून आत बसवायची एम.२ एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी वेगवान मेमरी. पीएस ४ चे गेम बाहेरच्या हार्डडिस्कवरून थेट चालतात. पीएस ५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात, पण खेळायचे तर परत आत आणावे लागतात. तरीही ही सोय गावात मोलाची आहे. गेम आत-बाहेर हलवायला डेटा लागत नाही, पुसून पुन्हा उतरवायला लागतो. आत बसवायची एसएसडी जेन ४ एनव्हीएमईच हवी, किमान ५५०० एमबी प्रति सेकंद वेगाची, आणि वर हीटसिंक (उष्णता खेचून घेणारी धातूची पट्टी) लागतोच. जुने गेम हाच मुख्य बेत असेल तर तो खर्च आज करू नका. एक टीबीची साधी हार्डडिस्क घ्या, अडीच इंचाची. तिला वीज यूएसबीतूनच मिळते. मोठ्या साडेतीन इंचाच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे बोर्डात आणखी एक पिन अडकते. हार्डडिस्क यूएसबी ३ ची आणि किमान २५० जीबीची हवी. हब (एका खोबणीच्या अनेक करणारा डबा) न वापरता मशीनच्या मागच्या खोबणीत सरळ लावा. पीएस ४ ला आधीच अशी डिस्क जोडलेली असेल तर तीच काढून इथे लावा, गेम जसेच्या तसे दिसतात.

नवी हार्डडिस्क लावली की मशीन फॉरमॅट करू का, म्हणजे आतलं सगळं पुसू का, असं विचारतं. त्या प्रश्नावर थांबा. आमच्या घरी मावशीच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग एका हार्डडिस्कवर होतं. भावाने रिकामी समजून तीच लावली. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, मी तं फक्त हो दाबलं.” हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं गेलं. मावशी काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून गेमच्या हार्डडिस्कवर मी पांढरी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात ‘गेम’ लिहितो.

नेट लागणारी सगळी कामं नागपूर-वर्ध्याला कोणाच्या वायफायवर उरकून घ्या. सिस्टिम अपडेट, गेमचे अपडेट, विकत घेतलेले गेम. तिथेच ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू करा, नाहीतर डाउनलोड केलेला गेम गावात नेट नसताना कुलूप दाखवतो.

मग लाइन. रब्बीत शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली येतं, आणि गेम सेव्ह होताना लाइन गेली तर मशीनमधला डेटा बिघडू शकतो. इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी वीज देणारा, आहे का पाहा. मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते त्यावर करा, म्हणजे लाइन गेल्यावर बदल लवकर होतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. खेळ झाला की रेस्ट मोडमध्ये (अर्धवट झोपेत, वीज चालू) ठेवू नका, पूर्ण बंद करा.

मशीन ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचं असं कंपनी सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत दुपारी खेळू नका, सकाळी खेळा. कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका, ती हवा ओली असते. कापूस घरात भरून ठेवला असेल तर त्या खोलीत तर नकोच. त्याचे तंतू हवेच्या जाळीत अडकतात.

पीएस ४ चा रिमोट सोबत घ्या, जुन्या गेमला तो चालतो, नव्याला नाही. आणि निघायच्या आधी घरी फोन करून टीव्हीमागे एचडीएमआयची खोबण आहे का ते बघायला सांगा. आमच्या जुन्या टीव्हीला नुसती लाल-पांढरी-पिवळी भोकं होती.