टर्बो गाडीचं इनटेक तापमान बघताना या चुका टाळा

ओबीडी पोर्टात, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटात, ब्लूटूथ डोंगल खोचलं, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर अॅप उघडलं, की इनटेक हवेचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान दिसायला लागतं. पण आकडा दिसला म्हणजे कळला असं होत नाही. त्याच त्याच चुकांपायी लोक चांगला इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) बदलून टाकतात आणि तुंबलेला मात्र वर्षानुवर्षं तसाच वापरतात.

आपण कुठला सेन्सर बघतोय, हेच ठाऊक नसणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. टर्बो गाडीत हवेचं तापमान बहुधा दोन जागी मोजलं जातं. एक जागा एअर फिल्टरलगतच्या मास एअरफ्लो (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या) सेन्सरमध्ये, म्हणजे टर्बोच्या आधी. दुसरी इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपवर किंवा सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डवर. तिथे दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर एकाच घरात असतात, त्याला टीमॅप म्हणतात. अॅपमधला प्रमाणित आकडा, पीआयडी ०एफ (पीआयडी म्हणजे ओबीडीतल्या प्रत्येक मोजमापाचा क्रमांक), या दोघांपैकी कुणाचा हे गाडीगणिक बदलतं. डिझेलमध्ये तो बऱ्याचदा टर्बोच्या आधीचाच निघतो.

मग ठरलेला प्रकार घडतो. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिन कॉम्प्युटरची फाइल बदललेली) डिझेल गाडी मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना दमते. मालक फोन बघतो, तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत ४० अंश. "इंटरकूलर ओके आहे", असा निकाल लागतो. रीमॅपवाल्याशी भांडण होतं, फाइल बदलली जाते, इंजेक्टर साफ होतात, डिझेल फिल्टर बदलतो. गाडी तशीच. शेवटी कोणीतरी नीट स्कॅनर लावून इंटरकूलरनंतरचा सेन्सर उघडतो आणि तिथे ८० च्या वर आकडा असतो. बंपर उतरवला की एसी कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या फटीत दोन पावसाळ्यांचा चिखल आणि प्लास्टिकची पिशवी सापडते. ब्रश आणि साध्या नळाच्या पाण्याचं काम, त्यासाठी चार महिने आणि भरपूर पैसे गेलेले असतात.

थोडं गणित केलं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. बाहेर ३५ अंश, टर्बोने दाब दुप्पट केला आणि त्याच्या कंप्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १३० अंशांवर असते. इंटरकूलरने त्या वाढीतली ७० टक्के काढून टाकली, तरी मॅनिफोल्डपाशी ६४ च्या आसपास राहतात. म्हणून सलग चढावर, भरल्या लोडवर अॅप बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम तीन-चार अंश जास्त दाखवत असेल, तर खूश होऊ नका. तुम्ही फिल्टरपाशी बघताय.

खात्री करायची सोपी रीत आहे. इग्निशन बंद करून टीमॅपचं कनेक्टर काढा, इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा आणि आकडा बघा. उणे ४० वर गेला तर तोच सेन्सर. काही ईसीयू (इंजिनाचे कॉम्प्युटर) उणे ४० ऐवजी स्वतःचा ठरावीक आकडा धरतात, पण उडी दिसतेच. आकडा जागचा हलला नाही, तर दुसरा सेन्सर शोधायचा: पीआयडी ६८ किंवा ७७ मिळतो का बघा, नाहीतर कंपनीनुसार चालणारं अॅप वापरा. फोक्सवॅगन-स्कोडासाठी ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस. कनेक्टर काढल्यामुळे पडलेला फॉल्ट कोड नंतर पुसायला विसरू नका.

सिग्नलवरचा आकडा बघून घाबरणं

गाडी दहा मिनिटं कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की ६० काय, ७० अंशही दिसतात. मॅनिफोल्ड तापतं, सेन्सरचं घर तापतं आणि पाइपात हवा जवळजवळ वाहतच नाही. सेन्सर तेव्हा हवेपेक्षा आजूबाजूच्या धातूचं आणि प्लास्टिकचं तापमान सांगत असतो. या आकड्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. गाडी हलल्यावर तो किती वेळात खाली येतो ते बघा. समोर साधा हवेवरचा इंटरकूलर असेल तर एक-दोन मिनिटं ६० च्या वेगाने चालल्यावर फरक स्पष्ट दिसायला हवा. जुन्या ३ लिटर फॉर्च्युनरसारखा बॉनेटखाली, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असेल तर जरा जास्त वेळ द्या.

स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयचं गणित वेगळं. तिथे इंटरकूलर मॅनिफोल्डच्या आतच आहे, तो पाण्याने थंड होतो, आणि त्या पाण्याला वेगळं सर्किट आणि विजेवर चालणारा पंप आहे. कूलंट बदलताना या सर्किटमध्ये हवा अडकली किंवा पंप बंद पडला, तर इंजिनाचं तापमान नॉर्मल दिसतं आणि इनटेकचं मात्र चढतच जातं, वेग वाढवूनही उतरत नाही. अशा वेळी आधी स्कॅनरने पंप चालवून हाताने त्याची थरथर तपासा आणि सर्किट ब्लीड करा, म्हणजे अडकलेली हवा काढा. नवा इंटरकूलर मागवण्याची घाई इथेच महागात पडते.

नुसता आकडा सांगणं

"माझ्याकडे ५५ येतात, चालेल का?" याला उत्तर नाही. नागपूरच्या मे महिन्यात ५५ उत्तम आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात ५५ म्हणजे काहीतरी बिनसलंय. बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच बोला. बाहेरचं तापमान पीआयडी ४६ वर मिळतं, पण बंपरमधला तो सेन्सरही उभ्या गाडीत तापतो, म्हणून चालत्या गाडीतलाच घ्या.

माझा आग्रह सकाळच्या तपासणीचा असतो. रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी, इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन. इनटेक, कूलंट आणि बाहेरचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत जुळलं पाहिजे. इथेच दहाचा फरक असेल तर पुढचं सगळं मोजमाप व्यर्थ.

लॉगमध्ये पाचच गोष्टी ठेवा: इनटेक तापमान, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब), आरपीएम, वेग आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). पेट्रोल गाडीत ईसीयू गरम हवेला टायमिंग मागे घेतो. तापमानासोबत ते घसरलं की ताकद कुठे गेली ते समजतं. स्वस्त डोंगलवर वीस गेज लावले तर प्रत्येक आकडा इतका उशिरा येतो की चढ संपल्यावर चढाचं तापमान दिसतं. आणि लॉग बघायचं काम शेजारी बसलेल्याचं. चालवणाऱ्याने फोन बघायचा नाही, यात तडजोड नको.

वेगळा गेज लावताना सेन्सरची जात न जुळवणं

बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम, जीएम (जनरल मोटर्स) पद्धतीच्या सेन्सरचा सुमारे ३.५. शंभर अंशांना मात्र दोघेही १८० ओहमच्या आसपास. त्यामुळे उकळत्या पाण्यात तपासलं की चुकीची जोडीसुद्धा पास होते. जीएमचा गेज आणि बॉशचा सेन्सर असेल तर बर्फाच्या पाण्यात शून्याऐवजी दहाच्या जवळ दाखवेल. दोन्हीकडे तपासा, आणि पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ ला उकळतं हे ध्यानात ठेवा.

सेन्सर इंटरकूलरनंतरच्या अॅल्युमिनियम पाइपवर, बंग (सेन्सर आटवायची आट्यांची कडी) वेल्ड करून बसवा. टोक हवेच्या मधोमध पोचलं पाहिजे. भोक पाडताना पाइप गाडीवरून उतरवायचाच. जागेवर ड्रिल मारून "कीस ग्रीसला चिकटतो" म्हणणाऱ्या फिटरकडून गाडी परत आणा, कारण न चिकटलेला कीस सरळ सिलिंडरात जातो.

डिझेलमध्ये ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि तेल सेन्सरवर बसतं, मग आकडा चुकत नाही पण उशिरा हलतो. मास एअरफ्लो क्लीनर फवारा, कापूस लावू नका, कार्ब क्लीनर तर नकोच. पंधरा मिनिटं वाळू द्या आणि बसवताना ओ-रिंग चिरलेली नाही ना ते पाहा.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावून वर इनटेक तापमानाची तक्रार करू नका. तो इंजिनाची गरम हवाच ओढतो, आवाज कितीही छान येवो.

इंटरकूलरवर प्रेशर वॉशर जवळून मारू नका, फिन वाकतात. समोरच्या जाळीत जादा हॉर्न किंवा दिवे बसवले असतील तर मोजमापाआधी ते काढून एक फेरी मारा.

हवा थंड करायला इनटेकमध्ये पाणी-मेथॅनॉल फवारणी असेल तर सेन्सर नोझलच्या आधी हवा. ओला सेन्सर हवेपेक्षा थंड आकडा दाखवतो.

काम झालं की डोंगल काढा. पंधरा दिवस उभ्या गाडीत ते राहिलं तर बॅटरी उतरते.