ल्यों शहर पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहताना

फ्रान्सच्या आग्नेय भागातील ल्यों शहरात पहिल्यांदा जाणारा प्रवासी बहुधा पार-द्यू स्थानकावर उतरतो आणि तेथूनच पाहायला सुरुवात करतो. शहराचा भूगोल, इतिहास आणि अर्थकारण एकत्र समजून घ्यायचे असेल, तर मात्र हा क्रम उलटा करावा. ल्यों दोन हजार वर्षे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत आले आहे, त्यामुळे त्याच दिशेने चालत गेले की एकेक काळ आपोआप क्रमाने समोर येतो. त्यासाठी दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवावेत.

पहिल्या सकाळी जुन्या शहरातील मेट्रो स्थानकातून दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने फूर्व्हिएर टेकडीवर जावे आणि तेथील बॅसिलिका या मोठ्या चर्चशेजारच्या गच्चीवरून आधी फक्त पाणी पाहावे. जवळून वाहणारी सोन नदी व्होज पर्वताच्या बाजूने येते आणि संथ आहे. पलीकडची ऱ्होन आल्प्समधील हिमनदीतून निघते, तिचा वेग आणि पूर दोन्ही मोठे. दोन्ही नद्यांमध्ये प्रेस्कील नावाची अरुंद पट्टी आहे आणि तिच्या दक्षिण टोकाला संगम होतो. उत्तरेकडून सोनच्या खोऱ्याने येणारा आणि दक्षिणेकडे भूमध्य समुद्राला जाणारा मार्ग येथे एकमेकांना मिळतो. ल्यों मोठे का झाले, या प्रश्नाच्या उत्तराचा निम्मा भाग या गच्चीवरच सापडतो.

येथून खाली रोमन नाट्यगृहापर्यंत चालत जावे. इसवी सन पूर्व ४३ मध्ये ल्युसियस म्युनाशियस प्लांकस या रोमन अधिकाऱ्याने याच टेकडीवर लुग्दुनम, म्हणजे रोमन काळातले ल्यों, वसवले आणि पुढे ते गॉल प्रदेशाचे (साधारण आजच्या फ्रान्सचे) प्रमुख शहर झाले. शेजारचे संग्रहालय टाळू नये. सम्राट क्लॉडियस याचा जन्म याच शहरातला. गॉलमधील प्रतिष्ठितांना रोमच्या सिनेटमध्ये स्थान मिळावे, यासाठी त्याने इसवी सन ४८ मध्ये केलेले भाषण कोरलेला कांस्यपट तेथे आहे, आणि माझ्या मते संपूर्ण शहरातील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

टेकडी उतरली की सोनच्या काठचे जुने शहर लागते. पंधराव्या शतकात राजाश्रयाने भरणाऱ्या जत्रांमुळे इटलीचे व्यापारी आणि सावकार येथे आले. या गल्ल्यांतील वाडे, जिने आणि सज्जे त्या पैशाची साक्ष देतात. १५३६ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने येथे रेशीम विणण्याची सवलत दिली आणि शहराच्या पुढच्या चार शतकांची दिशा ठरली. इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या वाटांना येथे त्राबूल म्हणतात. त्या पाहताना आवाज हळू ठेवावा, कारण आत लोक राहतात.

प्रेस्कीलवरील चौक आणि दुकाने वाटेत पाहून होतील; खरा वेळ राखावा तो क्रुआ-रूस टेकडीसाठी. नगरभवनाजवळून दात्यांच्या रुळांवर चढणारी मेट्रोची क (C) मार्गिका तेथे नेते. फूर्व्हिएर ही प्रार्थना करणारी टेकडी आणि क्रुआ-रूस ही काम करणारी, असे येथे म्हटले जाते. येथील घरांच्या उंच खिडक्या आणि सुमारे ४ मीटर उंचीची छते मुद्दाम पाहावीत: ल्योंच्याच जोझेफ-मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेला, छिद्रे पाडलेल्या जाड कागदी पट्ट्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा उंच माग मावावा म्हणून घरेच तशी बांधली गेली. विणकरांना कान्यु म्हणत. माग विणकराच्या घरात, रेशीम व्यापाऱ्याचे आणि मजुरी नगावर, अशी ही व्यवस्था होती. भिवंडी किंवा इचलकरंजीच्या वाचकाला ती फारशी परकी वाटणार नाही. किमान मजुरीचा ठरलेला दर काही व्यापाऱ्यांनी नाकारल्यावर नोव्हेंबर १८३१ मध्ये कान्युंनी उठाव केला आणि १८३४ मध्ये पुन्हा केला. युरोपच्या कामगार चळवळीत या दोन उठावांना मोठे स्थान आहे, म्हणून येथील विणकरांच्या संग्रहालयात चालू माग पाहिल्याशिवाय टेकडी उतरू नये.

दुसरा दिवस ऱ्होनच्या पूर्व तीराला द्यावा. हा सखल भाग पुराचा होता. १८५२ मध्ये गियोतिएर हे येथील उपनगर ल्यों शहरात सामील झाले आणि १८५६ च्या महापुरानंतर भक्कम बंधारे बांधले गेले, तेव्हा कुठे कारखान्यांना मोकळी जमीन मिळाली. ड मार्गिकेने मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानकावर उतरावे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले ते येथेच, आणि त्यांचाच सिनेमॅटोग्राफ, म्हणजे हलती चित्रे दाखवणारे यंत्र, ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. मराठी वाचकाचा या शहराशी असलेला थेट धागा हाच आहे.

आता अर्थकारण पाहताना रेशमाचा धागा सोडू नये. कापड रंगवायला रसायने लागत. १८५९ च्या सुमारास व्हेर्गें या रसायनतज्ज्ञाने येथेच फुक्सिन हा कृत्रिम रंग तयार केला. रंगांमागोमाग रसायन उद्योग वाढला. औषधांच्या क्षेत्रात १८९७ मध्ये मार्सेल मेरिए यांनी प्रयोगशाळा काढली आणि आज लसी व रोगनिदान ही ल्योंची मोठी ताकद आहे. ब मार्गिकेने गेर्लां भागात गेल्यास जुन्या गुरांच्या बाजाराची तोनी गार्निए यांनी उभारलेली प्रचंड लोखंडी शेड आणि जवळच्या प्रयोगशाळा एकाच फेरीत पाहता येतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या वेगवान रेल्वेमुळे पॅरिस आता सुमारे दोन तासांवर आले आहे, आणि पार-द्यूची कार्यालये त्यामुळेच वाढली. १९८९ पासून इंटरपोलचे मुख्यालयही ल्योंमध्येच आहे.

परतण्यापूर्वी दिवसाउजेडी दक्षिणेच्या व्हिएन या फ्रेंच गावाकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत बसावे. सें-फों आणि फेझें ही उपनगरे ओलांडताना ऱ्होनच्या काठची रसायन कारखान्यांची रांग आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प दिसतो. पर्यटकांच्या नकाशावर हा पट्टा सहसा नसतो, पण शहराच्या उत्पन्नाचा आणि प्रदूषणाच्या चिंतेचाही मोठा भाग तेथेच आहे.