पावसाळाभर उभ्या पद्मिनीचा चिकटलेला क्लच

चार महिने शेडमध्ये उभी असलेली जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर सुरू होते, पण गिअर पडत नाही, नुसता करकरतो. बहुतेकदा दमट हवेत गंज धरून क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, चिकटलेली असते. पण लगेच गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नका. आधी पेडल दाबल्यावर क्लचचा फोर्क, म्हणजे गिअरबॉक्सजवळचा क्लच सोडवणारा दांडा, पुरेसा हलतो का, ते पाहा. हलत नसेल तर दोष पेडलपासून फोर्कपर्यंतच्या जोडणीत आहे.

फोर्क हलत असेल तर इंजिन चांगलं तापवून बंद करा. गाडी मोकळ्या मैदानात ढकलत न्या, पुढे माणूस नको. पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा. गाडी धक्क्याने निघेल, दचकू नका. क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबा, सोडा, मध्येच ब्रेक लावा. बहुतेकदा ‘टक्क’ आवाज येऊन प्लेट सुटते. स्टार्टर मात्र सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

पुढच्या पावसाळ्यात पेडल दाबून, सीटला टेकवून लाकडी फळी अडकवून ठेवा. मी जुन्या खराट्याचा दांडा कापून वापरतो.