नऊ मुलांची ‘सूर्यकिरण’ रांग मैदानावर कशी बसवावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत २६ जानेवारीला लेझीम आणि कवायत ठरलेलीच असते. ताल धरणारी तीच मुलं घेऊन हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानांची रचना बसवता येते. वैमानिकसुद्धा उड्डाणाआधी जमिनीवर पायी चालत, नायकाचे हुकूम ऐकत कसरत घोकतात. त्यामुळे हा नुसता खेळ नाही, त्यांच्या कामाचा खरा भाग आहे.

हे पथक १९९६ साली बिदरच्या तळावर किरण विमानांवर उभं राहिलं. २०११ मध्ये ते थांबलं आणि २०१५ पासून हॉक विमानांवर पुन्हा उडू लागलं. हॉकचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे १० मीटर, आणि दोन विमानांत अंतर ५ मीटरांहून कमी. आठवी-नववीच्या मुलाने हात पसरले की दीड मीटर भरतात, म्हणजे त्याच प्रमाणात दोघांच्या बोटांमध्ये ७५ सेंटिमीटर अंतर हवं.

आखणी शंकरपाळ्याच्या आकाराची: ओळींत १, २, ३, २, १ अशी मुलं, सगळ्यात पुढचा एकटा तो नायक. एकाच ओळीतल्या दोघांच्या छातीत सव्वादोन मीटर, आणि एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत दीड मीटर. फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, नऊ ठिपके मारा. लाल मातीवर ते लांबूनही दिसतात, हिरवळीवर मात्र दवाने पुसट होतात, तिथे चुन्याऐवजी खुंट्या ठोका. मुलं एका उंचीची निवडा. जागा एकदा ठरली की बदलू नका. पथकातही प्रत्येक वैमानिकाची जागा ठरलेली असते, कारण डोळ्याला एकाच कोनाची सवय लागावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, खुणा. आकाशात मोजपट्टी नसते. शेजारचा वैमानिक पुढच्या विमानावरचे दोन भाग एका रेषेत दिसतात का, एवढंच बघत राहतो. प्रत्येक मुलाच्या कमरेला बांबूची कामटी बांधा: पुढे १२० सेंटिमीटर, मागे ४५, ही मागची बाजू म्हणजे शेपटी. दोन्ही टोकांना चिंधीचा बोळा गुंडाळाच, वळताना टोक लागतं. पसरलेल्या प्रत्येक हातावर, छातीच्या मध्यापासून ५० सेंटिमीटरवर, एक वीत लोंबणारी लाल चिंधी बांधा.

मागच्या ओळीतल्या मुलाने आपल्या तिरक्या पुढच्याकडे बघायचं. त्याच्या कामटीचं पुढचं टोक जवळच्या चिंधीआड लपलं पाहिजे. टोक त्याच्या पंजाकडे सरकलेलं दिसलं तर आपण पुढे गेलो किंवा बाहेर गेलो, छातीकडे सरकलं तर मागे पडलो किंवा आत आलो. यातलं नेमकं कोणतं, हे एका खुणेवरून कळत नाही, कारण एकाच रेषेवर आपण कुठेही असू शकतो. म्हणून दुसरी खूण: शेपटीचं टोक पलीकडच्या चिंधीच्या बरोबर खाली दिसलं पाहिजे. दोन्ही जुळल्या तरच जागा पक्की. नायकाच्या सरळ मागे, मधल्या रेषेवरच्या दोघांना समोरच्याच्या दोन्ही चिंध्या सारख्या दूर दिसल्या पाहिजेत.

सुरुवात दोघांपासून करा. मग तीन, मग सहा, आणि शेवटी नऊ. पहिल्याच दिवशी नऊ उभे केले तर पुढच्याची वीतभर चूक मागच्याकडे हातभर होऊन पोहोचते आणि रांगेचं मागचं टोक झुलायला लागतं. मुलगा मोठं पाऊल टाकून चूक भरून काढतो, तेव्हा ती आणखी वाढते. दुरुस्ती चार-पाच पावलांत थोडी थोडी करायची.

वळणासाठी हलगी लागते, ठेका संथ आणि न बदलणारा. नायकाने १० मीटर त्रिज्येच्या कडेने चोवीस पावलांत काटकोन पुरा करायचा, पाऊल ६५ सेंटिमीटरचं. त्याच चोवीस ठेक्यांत आतल्या टोकाच्या मुलाचं पाऊल ५० आणि बाहेरच्या टोकाचं ८० सेंटिमीटर. खुंटीला दोरी बांधून पावणेआठ, दहा आणि सव्वाबारा मीटरच्या तीन कडा आखून द्या. विमानात हाच फरक इंजिनाच्या ताकदीने भरतात: बाहेरच्याला जास्त, आतल्याला कमी. शिवाय तिथे सगळी रचना ताटासारखी कलते.

हुकूम फक्त नायकाचा, आणि दोन भागांत: “डावं वळण…” लांबवून, मग तोडून “आता!” पहिल्या शब्दावर कुणी हललं तर थांबवून परत घ्या. समोर, प्रेक्षकांकडे, खाली फक्त नायकाने बघायचं. बाकीच्यांची नजर खुणेवरून हलता कामा नये. आई-बाबांना शोधायला मान वळली की रांग तिथेच मोडते.

खूण दिसेनाशी झाली तर शोधत बसायचं नाही. “गेलो” म्हणायचं आणि उजवीकडच्याने उजवीकडे, डावीकडच्याने डावीकडे तीन पावलं बाहेर पडायचं. मधल्या रेषेवरच्यांनी जागीच थांबायचं. ही सुटका रोज सरावाच्या सुरुवातीला तीनदा घ्या, चूक होण्याची वाट बघू नका. २०१९ मध्ये बेंगळुरूजवळ येलहंक्याला सरावात या पथकाची दोन विमानं एकमेकांना धडकली आणि एका वैमानिकाचा जीव गेला.

धुरासाठी गुलाल उधळू नका, डोळ्यांत गेला की खुणाच दिसत नाहीत. विमानात गरम झोतात डिझेल सोडून धूर करतात. मुलांच्या कामटीच्या शेपटीला केशरी, पांढऱ्या, हिरव्या रिबिनी पुरतात. लांबी हातभर ठेवा, त्याहून लांब झाली तर मागच्याच्या पायात येते.

प्रत्येक फेरी एकाने गच्चीवरून मोबाईलवर टिपावी आणि लगेच सगळ्यांनी बघावी. आधी नायकाने स्वतःची चूक सांगायची, मग बाकीच्यांनी.