किनाऱ्याने सायकलवर रत्नागिरी, परत रेल्वेने

आधी परतीचं तिकीट काढा, मग मुक्काम ठरवा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा गाठलं की पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी लागतात. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून दुपारीच धक्क्यावर पोचा.

परतताना सायकल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बुक होते. छोट्या स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते, तेवढ्यात सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) चढत नाही, रत्नागिरीच बरं. पण स्टेशन गावाबाहेर, वर चढावर आहे! दोन तास हाताशी ठेवा. पेडल काढा, मागच्या डिरेल्यरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) जाड पुठ्ठा बांधा. फ्रेमला नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन ठळक मार्करने लिहिलेला पुठ्ठा सुतळीने घट्ट आवळा. पावती खिशात, सॅकमध्ये नको.