रेंज नसलेल्या गावात प्रोग्रॅमिंगचे पॉडकास्ट कसे ऐकायचे

पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक एमपीथ्री फाइल. ती कुठल्यातरी सर्व्हरवर पडलेली असते आणि नवा भाग आला की त्याचा पत्ता आरएसएस नावाच्या यादीत चढतो. नेट लागतं ते फाइल आणायला, ऐकायला नाही. त्यामुळे मेळघाटात किंवा एटापल्लीकडे, जिथे रेंज दोन दांड्या दाखवून गायब होते, तिथे थेट ऑनलाइन ऐकायच्या भानगडीत पडूच नका. आवाज अडकतो, आणि कमजोर सिग्नल पकडून ठेवायला मोबाइलला जास्त जोर लावावा लागतो म्हणून बॅटरीही भराभर उतरते. रात्री भाग उतरवून (म्हणजे डाउनलोड करून) ठेवा, दिवसा ऐका.

अ‍ॅप घ्यायचं तर अँटेनापॉड घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, अ‍ॅपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. स्पॉटिफायवरही पॉडकास्ट डाउनलोड होतात, पण त्या फाइली अ‍ॅपच्या आतच कोंडलेल्या राहतात, मित्राला देता येत नाहीत, आणि ३० दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. यूट्यूबवर तोच कार्यक्रम व्हिडिओसकट येतो, म्हणजे डेटा कितीतरी पट जास्त जातो आणि प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद.

डेटाचा हिशेब सोपा आहे. केबीपीएस म्हणजे आवाजाच्या फाइलचा दर, तो जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाइल जड. ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी घेते, १२८ची ५८ एमबी, १९२ची ८६ एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधून रात्री दहाला ४०० एमबी उरले असतील तर १२८च्या दरानं साडेसहा-सात तासांचं ऐकणं त्यात बसतं. बहुतेक पॅकचा उरलेला डेटा रात्री बाराला वाया जातो, म्हणून झोपण्याआधी अ‍ॅप उघडून यादी ताजी करायची आणि हवे ते भाग स्वतः निवडून उतरवायचे. आपोआप डाउनलोड चालू ठेवलं तर नको ते भाग येऊन पडतात आणि सकाळी आठलाच पॅक संपल्याचा मेसेज येतो.

तरीही डाउनलोड अडलं तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एक, मोबाइल डेटावर डाउनलोडची परवानगी दिलेली नसते. सेटिंगमध्ये डाउनलोडच्या भागात ती सापडते. घरातल्या दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट वापरत असाल तर अँड्रॉइड त्या वायफायलाही मोजणीचं नेटवर्क समजू शकतो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘अनमीटर्ड’ करा. दुसरं कारण म्हणजे फोनची बॅटरी बचत. स्क्रीन बंद झाली की काही फोन मागे चाललेलं अ‍ॅप मारून टाकतात. अ‍ॅप्समध्ये अँटेनापॉड उघडा, बॅटरीत जा, ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा.

घरात रेंजच येत नसेल तर रेल्वे स्टेशनचा उपयोग करा. बडनेरा, मूर्तिजापूर, पुलगाव, हिंगणघाट या बाजूला कामानिमित्त जाणं होतच असतं. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय ओटीपी टाकून चालू होतं आणि दिवसाला ३० मिनिटं फुकट मिळतं, पण वेग १ एमबीपीएस. म्हणजे कागदावर २२५ एमबी. गर्दीच्या वेळी त्याच्या निम्मे मिळाले तरी पुरे समजा. दोन-तीन भाग होतात. काय उतरवायचं ते घरीच ठरवून जा, फलाटावर शोधाशोध करण्यात अर्धा तास कधी संपतो ते कळत नाही.

एकानं आणलं की बाकीच्यांना क्विक शेअरनं, म्हणजे अँड्रॉइडमधल्या फोन-टू-फोन फाइल पाठवायच्या सोयीनं, द्यायचं. त्याला नेट लागत नाही. मिळालेल्या फाइली एका फोल्डरमध्ये टाका आणि अँटेनापॉडमध्ये तो फोल्डर ‘लोकल फोल्डर’ म्हणून जोडा, मग तोही एखाद्या पॉडकास्टसारखा दिसतो आणि कुठपर्यंत ऐकलं ते लक्षात राहतं. बटणांच्या फोनवर ऐकायचं असेल तर मेमरी कार्डावर टाकताना नावापुढे ०१, ०२ असे आकडे घाला, नाहीतर क्रम विस्कटतो. फाइल दाबून लहान करायच्या नादी लागू नका. डेटा आधीच खर्च झालेला असतो, वाचते ती फक्त कार्डावरची जागा.

आता काय ऐकायचं. पॉडकास्ट ऐकून कोड लिहिता येत नाही, ही गोष्ट पक्की धरा. त्यासाठी कीबोर्डच लागतो. कानानं मिळतं ते वेगळं: या धंद्यातली माणसं कशावर वाद घालतात, कशाला घाबरतात, कुठला शब्द कुठे वापरतात. पुण्या-नागपुरात मुलाखतीला बसल्यावर नेमकं हेच कमी पडतं. म्हणून ‘अमुक भाषा शिका’ छापाचे भाग सोडा, गोष्टी सांगणारे आणि गप्पांचे भाग घ्या.

सुरुवातीला रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचा ‘कमांड लाइन हीरोज’ बरा. २०१८ साली तो सुरू झाला. पहिल्याच भागात ऑपरेटिंग सिस्टिमच्या लढाईची गोष्ट आहे, निवेदन स्पष्ट आणि भाग आटोपशीर. ‘डार्कनेट डायरीज’मध्ये हॅकिंगच्या खऱ्या घटना असतात, २९वा भाग स्टक्सनेट या गाजलेल्या कॉम्प्युटर व्हायरसवर आहे. काही भागांत शिव्या असतात, स्पीकरवर घरात लावू नका. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणं चालू असेल तर ‘टॉक पायथन टू मी’, वेबचं काम असेल तर ‘सिंटॅक्स’. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ’ २००६पासून चालू आहे, पण जड आहे. वर्षभर काम केल्यावरच हात घाला.

डेटाची फारच चणचण असेल त्यांच्यासाठी स्टीव्ह गिब्सन यांचा कॉम्प्युटरच्या सुरक्षेवरचा ‘सिक्युरिटी नाऊ’. त्यांच्या स्वतःच्या साइटवर प्रत्येक भागाची १६ केबीपीएसची छोटी फाइल ठेवलेली असते. दोन तासांचा भाग जेमतेम १४-१५ एमबीत येतो. आवाज जुन्या लँडलाइनसारखा वाटतो, पण बोलणं कळतं. तिथेच पूर्ण संवाद लिहिलेलाही मिळतो.

इंग्रजी पटकन पकडता येत नसेल तर हा लिहिलेला संवाद, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, मोठा आधार. आधी त्यातली दोन पानं वाचा, मग तेवढीच दहा मिनिटं ०.८ वेगानं ऐका, मग तीच १ वेगानं. पूर्ण तास एकदा ऐकण्यापेक्षा दहा मिनिटं तीनदा ऐकलेली बरी. ट्रान्सक्रिप्टमधली वेळ आणि तुमच्या फाइलमधली वेळ जुळत नसेल तर गोंधळू नका. पुष्कळ पॉडकास्टमध्ये जाहिराती डाउनलोडच्या वेळी घातल्या जातात, त्यामुळे प्रत्येकाची फाइल थोडी वेगळी निघते.

पुस्तकात वाचलेले शब्दही कानावर पडले की ओळखू येत नाहीत. एसक्यूएलला ‘सीक्वेल’ म्हणतात, एनजीआयएनएक्सला ‘एंजिन-एक्स’, जेएसओएनला ‘जेसन’. ‘कॅश’ आलं की बहुतेक वेळा पैसे नसतात, तात्पुरता साठा असतो. असा शब्द अडला की थांबू नका, ऐकू येईल तसा देवनागरीत वहीत लिहा आणि संध्याकाळी शोधा. एका भागाला तीन शब्द बस्स. उदाहरणार्थ ‘आयडेम्पोटंट’. कृषी केंद्रावर यूपीआयनं पैसे देताना रेंज गेली, अ‍ॅपनं तीच विनंती पुन्हा पाठवली. तरी पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत. एकच विनंती दोनदा पोचली तरी परिणाम एकदाच, हा तो गुण. शब्दाला आपल्याकडचं असं उदाहरण जोडून लिहिलं की तो टिकतो, नुसता अर्थ उतरवला तर आठवड्यात पुसतो.

ऐकायची वेळ कामाप्रमाणे. कापूस वेचणी, शेंगा तोडणी, एसटीचा प्रवास, यात हात किंवा डोळे गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं, उत्तम. रात्रीच्या ओलिताला किंवा जागलीला एकच इअरफोन लावा. वावरात साप, रानडुक्कर, पाइप फुटल्याचा आवाज, हे सगळं दुसऱ्या कानानं कळतं. अँटेनापॉडमध्ये स्टिरिओचं मोनो करायची, म्हणजे दोन्ही कानांत सगळा आवाज सारखाच द्यायची सोय आहे, ती चालू ठेवा, नाहीतर पाहुण्याचा आवाज नेमका काढून ठेवलेल्या कानात जातो. फवारणी करताना मात्र इअरफोन नकोच. औषधाचे तुषार त्यावर बसतात आणि तोच बोंडा पुन्हा कानात जातो. शिवाय मध्येच हात लावायचा मोह होतो तो वेगळा. मे महिन्यात फोन शर्टाच्या खिशात उन्हात ठेवू नका, कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. तापला असेल तर निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

ऐकून झालेला भाग आपोआप पुसायची सेटिंग चालू करा, नाहीतर कार्ड भरतं आणि नवं डाउनलोड काहीतरी भलतंच कारण दाखवून अडतं. सलग तीन भाग अर्ध्यात सोडले असतील तर तो पॉडकास्ट यादीतून काढा. आणि फोन बदलण्याआधी आयात-निर्यातीच्या सेटिंगमधून ओपीएमएल फाइल, म्हणजे तुमच्या पॉडकास्टांची यादी, काढून स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा. काही केबींची असते, आणि नव्या फोनवर सगळी यादी एका दाबात परत येते.