मुलांच्या दातांची प्रश्नावली: या चुका टाळा

‘मौखिक आरोग्यविषयक काही अडचण उद्भवते का?’ असा कागद नागपुरातल्या चौथीच्या पोराच्या हाती दिला, की तो शेजाऱ्याच्या कागदात डोकावून ‘नाही’वर खूण करतो. आणि अहवालात सगळा वर्ग ठणठणीत! ‘दात दुखतो का’, ‘थंड पाण्याने कळ येते का’, ‘हिरडीतून रक्त येतं का’ असं विचारा, आणि हे तीन प्रश्न वेगवेगळेच ठेवा. ‘दुखतं किंवा रक्त येतं का’ याला आलेल्या ‘हो’वरून नेमकं काय होतंय ते कळत नाही.

‘ब्रश किती वेळा करतोस?’ हाही फसवा प्रश्न. काही मुलं ‘किती वेळ’ असं वाचून ‘पाच मिनिटं’ लिहितात. बाकीच्यांना ‘दोनदा’ हे उत्तर पाठच असतं. त्यापेक्षा ‘काल रात्री जेवल्यावर दात घासले होते का?’ असं विचारावं. कशाने घासले, तेही विचारा. पर्यायांत पेस्टबरोबर मंजन, राखुंडी, गुडाखू (तंबाखूची पेस्ट) हवेतच.

तंबाखूच्या प्रश्नात तर ‘खर्रा’ हा शब्द नसेल तर नागपुरात तो प्रश्न वायाच गेला म्हणायचा. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात सुपारी, चुना आणि तंबाखू असते, पण अनेक घरी त्याला तंबाखू म्हणतच नाहीत. शिवाय सर वर्गात उभे असताना खरं उत्तर येणार नाही. त्यांना बाहेर थांबायची विनंती करा आणि कागदावर नावाऐवजी क्रमांक घाला. क्रमांक-नावांची यादी वेगळी, कुलपात.

आता काळाचा घोळ. ११ ते १४ वयाच्या मुलांसाठीची सीपीक्यू (दातातोंडाच्या त्रासाबद्दल मुलांनाच विचारणारी तयार प्रश्नावली) मागच्या ३ महिन्यांबद्दल विचारते, ८ ते १० वयासाठीची मागच्या ४ आठवड्यांबद्दल. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत फॉर्म भरून घेतला तर ३ महिन्यांतला मोठा भाग सुटीचाच असतो, आणि दातदुखीने बुडालेली शाळा त्यात दिसत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबलेलं बरं.

सगळ्यात महागात पडणारी चूक गुण मोजताना होते. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पालक भरतात त्या इकोहिस या तयार प्रश्नावलीत १३ प्रश्न आहेत: ९ मुलाबद्दल, ४ कुटुंबाबद्दल. प्रत्येक प्रश्नाला गुण ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त ५२; गुण जास्त तितका त्रास जास्त. ‘माहीत नाही’चा संकेतांक मात्र ५ आहे, आणि तो गुण नव्हे. एखाद्या आईने तीन ठिकाणी ‘माहीत नाही’ म्हटलं आणि एक्सेलने सरळ बेरीज केली, तर निरोगी मुलाच्या नावावर १५ गुण चढतात! आधी प्रत्येक ५ रिकामा करा. मुलाच्या भागात २ पर्यंत आणि कुटुंबाच्या भागात १ उत्तर रिकामं असेल, तर त्याच भागातल्या उरलेल्या उत्तरांच्या सरासरीने भरता येतं. त्याहून जास्त रिकामी असतील तर तो फॉर्म बाजूला ठेवा.

न दुखणारी कीड कागदावर येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ अनेक पालकांना दुधाचीच वाटते, त्यामुळे ‘कायमचा दात किडलाय का?’ला ‘नाही’ येतं. म्हणून फॉर्मसोबत तोंड उघडून, उजेडात, आरशाने तपासणी हवीच.

‘दुखण्याने रात्री झोप मोडते’ला ‘हो’ असलेले फॉर्म गठ्ठ्यात जाऊ देऊ नका. त्याच दिवशी क्रमांकावरून नाव काढून पालकांना कळवा आणि शासकीय दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागासाठी चिठ्ठी द्या.